वेग स्थिर आहे असे समजा

त्या पेपरातल्या सूचनेनेच माझं डोकं पहिल्यांदा फिरलं. जाड अक्षरांत छापलं होतं: प्रश्न सोडवू नका, दिलेली माहिती उत्तर काढण्यास पुरेशी आहे किंवा नाही एवढेच ठरवा. डहाणूच्या क्लासमधला तो माझा पहिला आठवडा होता. मी हात वर केला आणि विचारलं, "सर, सोडवायचा नाही तर प्रश्न विचारलाय कशाला?"

सर मूळचे चिखले गावचे, बँकेतून निवृत्त झालेले. स्टेशनजवळच्या एका दुकानाच्या माडीवर ते सरकारी परीक्षांचा क्लास चालवायचे. त्यांनी खडू खाली ठेवला. "तुला अधिकारी व्हायचंय ना? मग आत्तापासून सवय कर. अधिकारी कुठे काय सोडवतो? माहिती अपुरी आहे म्हणतो आणि फाइल परत पाठवतो."

सगळा क्लास हसला. मला हसू आलं नाही. तसल्या परत आलेल्या फायलींवर मी तोवर बरीच पत्रकं लिहिली होती.

२०१६ चा जून असेल. बी.ए. होऊन मला वर्ष झालं होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मी तलासरीच्या एका संघटनेचं काम करत होते, आणि काम म्हणजे मुख्यतः पत्रकं. रेशन, वनजमिनीचे दावे, आश्रमशाळेतलं जेवण, रस्ता, पाणी. संघटनेच्या कार्यालयात एक वयस्कर कार्यकर्ते होते, त्यांना सगळे काकाच म्हणत. त्यांनी मला लिहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे माझी पहिली दोन-तीन पत्रकं माझ्यासमोर फाडली. "पहिल्या ओळीने वाचणाऱ्याची कॉलर धरली पाहिजे," ते म्हणायचे. "आणि 'कदाचित' लिहिलंस की पत्रक मेलं. असावे, दिसते, समजते, हे पेपरवाल्यांचे शब्द. आपण म्हणायचं, आहे!" मी तसंच लिहायला लागले आणि चांगलं लिहायला लागले. बाजारात माझं पत्रक घेऊन लोक घडी करून खिशात न घालता उभ्या उभ्या वाचायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

मग एक दिवस वाटलं, ज्या तहसील कचेरीसमोर उन्हात बसून घसा फोडला, तिच्या आतल्या खुर्चीवरच का बसू नये? त्या खुर्चीसाठी परीक्षा होती. काका म्हणाले, "आतून पण आपलं कोणीतरी पाहिजेच." पण ते म्हणताना त्यांचं तोंड कडू झालं होतं.

घरचं वेगळं होतं. आमचं घर कैनाडच्या एका पाड्यावर. आई, मोठा भाऊ, वहिनी आणि मी. दादाने मला समोर बसवून सांगितलं, "एक वर्ष. तुझ्या वाटणीचं शेतातलं काम मी आणि तुझी वहिनी बघतो. एप्रिलला परीक्षा. पहिली पायरी पास झालीस तर पुढचं बघू. नाही झालीस तर गपचूप फुग्याच्या कारखान्यात जायचं. तिथे माझी ओळख आहे."

"गपचूप का?"

"कारण तू तोंड उघडलंस की ओळखी तुटतात."

एवढाच करार. कागद नाही, सही नाही. पण दादा करार मोडणारा माणूस नाही, आणि मी तो मोडणारी आहे असं त्याने कधी म्हणू नये, अशी माझी इच्छा होती. म्हणजे पहिली पायरी एप्रिलमध्ये पास होणं भागच होतं.

पहिला पेपर सामान्य ज्ञानाचा. त्यात मी कोणाला ऐकत नव्हते. घटना, पंचायत राज, जंगलाचे कायदे, ह्यांवर तर मी भाषणं केली होती. दुसरा पेपर गणित आणि तर्काचा, आणि दोन्हींचे गुण एकत्र धरायचे. दुसऱ्या पेपरात मी बुडत होते. बुडायची जागाही ठरलेली होती. पुस्तकात त्या प्रकरणाचं नाव होतं 'माहितीची पर्याप्तता'. एक प्रश्न, त्याखाली दोन विधानं. पर्याय चार. पहिला, फक्त पहिलं विधान पुरेसं. दुसरा, फक्त दुसरं पुरेसं. तिसरा, दोन्ही मिळून पुरेशी. चौथा, दोन्ही मिळूनही अपुरी. आणि त्यातही वेगाची गणितं: नळ, मजूर, गाड्या, यंत्रं. एका तासाला एवढं, तर सगळ्याला किती.

माझ्या वाट्याला पहिला आला तो नळांचा. एक टाकी दोन नळ एकत्र सोडल्यास किती वेळात भरेल? विधान एक: पहिला नळ एकटा ती टाकी सहा तासांत भरतो. विधान दोन: दुसऱ्या नळाचा वेग पहिल्याच्या दुप्पट आहे. मी खाली मान घालून मांडणी केली, दुसरा नळ तीन तासांत भरेल, दोन्ही मिळून, आणि ओरडले, "दोन तास!"

"कोणी विचारलं?" सर म्हणाले.

"काय?"

"किती तास, ते कोणी विचारलं? माहिती पुरते का, एवढंच विचारलंय. पुरते. तिसरा पर्याय. तू दोन तास काढत बसलीस, तोवर तुझ्या बाजूच्याने पुढचे दोन प्रश्न उडवले."

बाजूचा म्हणजे नरपडचा एक मुलगा. घरची चिकूची वाडी, स्वतःची मोटरसायकल, आणि गणित असं की आकडे त्याला बघून आपणच जागेवर बसायचे. मला तो पहिल्याच दिवसापासून पुढारीण म्हणायचा. माझी आई हंगामात त्यांच्यासारख्यांच्या वाड्यांमध्ये चिकू तोडायला जायची, हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

त्या दिवशी घरी आले आणि पाड्याच्या टाकीकडे बघून आणखी तापले. आमच्याकडे पाणीयोजनेची टाकी आहे. रंगवलेली, पुढाऱ्यांची नावं लिहिलेली, नारळ फोडलेली. भरलेली कोणी पाहिलेली नाही. आणि इथे पुस्तकात नळ एकसारखा वाहतोय. त्याची ना वीज जाते, ना वाल्व्ह फिरवणारा जत्रेला जातो. मी वहिनीला म्हटलं, "असली गणितं काढणाऱ्याला आठवडाभर आपल्या नळाला हंडा लावून बसवला पाहिजे."

वहिनी म्हणाली, "तो बसेल. तू गणित कर."

पावसाळा संपता संपता सरांनी माझ्या सगळ्या चाचण्या एकत्र ठेवून पाहिल्या आणि मला थांबवून घेतलं. "एक गोष्ट तुझ्या लक्षात आलीय का? तू चौथा पर्याय कधीच लिहीत नाहीस. एकदाही नाही. तुझ्या मते जगात माहिती कधी कमी पडतच नाही?"

"कमी पडली तर माणूस शोधून काढतो ना, सर."

"इथे शोधायचं नाही. इथे सरळ म्हणायचं, मला सांगता येत नाही."

मी आतून चिडले. सांगता येत नाही, हे वाक्य मी आयुष्यभर खिडकीच्या पलीकडच्या लोकांकडून ऐकलं होतं. दाव्याचं काय झालं? सांगता येत नाही. धान्य कधी येणार? सांगता येत नाही. त्यांच्यासारखं बोलल्याशिवाय त्यांच्यात घेणार नाहीत, असाच तो प्रकार वाटला.

पण खरी फजिती झाली ती दिवाळीनंतर. सरांनी फळ्यावर लिहिलं: अ आणि ब या दोन बायका मिळून एक शेत किती दिवसांत लावतील? विधान एक: ब एकटी ते शेत बारा दिवसांत लावते. विधान दोन: अ चा कामाचा वेग ब पेक्षा जास्त आहे.

हे गणित बघून मला बरं वाटलं. भातलावणीचं गणित म्हणजे आमच्या घरचंच. आवणी म्हणतो आम्ही. आमच्या पाड्यावर आवणी सगळे मिळून करतात, आज आमच्या शेतात, उद्या शेजारच्या. बायका एका ओळीत वाकतात आणि लावत लावत मागे सरकतात. ओळ मोडायची नाही. जिचा हात जलद, ती शेजारणीच्या पुढ्यातली चार रोपं लावून टाकते, पण तिला सोडून एकटी निघून जात नाही. शाळेत असताना मी एकदा जोरात सरकत गेले होते, तर कडेची म्हातारी ओरडली, "अगं ए, सासरहून गाडी आलीय का तुला न्यायला? थांब की!" सगळ्या ओळीचा वेग म्हणजे त्या म्हातारीचा वेग.

मी खणखणीत आवाजात सांगितलं, "तिसरा पर्याय. दोन्ही मिळून पुरेशी."

"कशी काय?" सरांनी विचारलं.

"एकटीचं बारा दिवसांचं काम. दोघी आहेत. सहा दिवस."

"आणि अ चा वेग जास्त आहे, त्याचं काय केलंस?"

"काही नाही. ती ब च्या बरोबर राहील."

"का राहील?"

"ओळीत आहेत ना, सर."

"ओळ कुठे लिहिलीय?"

"शेत म्हटलं की ओळ आली. मागच्या म्हातारीला चिखलात सोडून ही एकटी जाईल कशी?"

नरपडचा मागून म्हणाला, "सर, हिची अ फार संस्कारी आहे." आणि माडी हादरेल एवढं हसले सगळे. एक जण तर बाक बडवत होता. मी मागे वळून म्हटलं, "हसा. तुमच्या वाडीत लावायला येणाऱ्या बायकांना विचारा एकदा." त्यावर आणखी हसले.

सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हे बघ, बाई. पुस्तकातल्या अ ला शेजारीण नसते. ती तिच्या वेगाने लावते, ब तिच्या वेगाने लावते, आणि आपण दोघींचे वेग मिळवतो. अ चा वेग जास्त म्हणजे किती जास्त, ते दिलेलं नाही. म्हणून अपुरी. चौथा."

मला ते पटलं नाही. पटलं नाही म्हणून गुण मिळत नाहीत, एवढं मात्र पटलं.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर नरपडचा जिन्यात थांबला होता. मला वाटलं, आणखी काही बोलतोय. तर म्हणाला, "तू ना, प्रश्नात नसलेली माणसं आत घुसवतेस. म्हातारी, शेजारीण, कोण कोण. त्यांना आधी बाहेर काढ."

"ती बाहेरच आहेत. तेच तर दुखणं आहे."

"अरे यार, भाषण नको. पेन काढ."

आणि जिन्याच्या पायरीवर बसून त्याने मला शिकवलं. त्या दिवशी, आणि मग आठवड्यातून दोन-तीनदा, परीक्षेपर्यंत. फुकट. कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही. "पहिलं एक काम करायचं," तो म्हणाला. "प्रश्नात 'स्थिर' शब्द आहे का ते शोधायचं. वेग स्थिर आहे असं म्हटलं असेल, तर एका तासाचं कळलं की सगळ्याचं कळलं. म्हटलं नसेल, तर पहिल्या तासावरून दुसऱ्या तासाचं काही बोलायचं नाही. तोंड बंद."

"तोंड बंद ठेवायला सगळेच शिकवतात मला."

"ऐक. समज, तलासरीहून डहाणूला जीप निघाली. पहिल्या अर्ध्या तासात किती आली ते तुला माहितीये. डहाणूला कधी पोहोचेल?"

"सांगता येत नाही. मधे सीट भरायला थांबेल."

"शाब्बास! चौथा पर्याय!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की खालच्या दुकानदाराने वर बघितलं.

"आणि पुस्तकातली जीप?"

"ती थांबत नाही. रिकामीच पळते."

"मग ड्रायव्हर खातो काय?"

"ए बाई, तुझ्या पाया पडतो!"

पण जीपमुळे मला वाट सापडली. थांबते ती जीप आणि न थांबणारी जीप. प्रश्नात कोणती आहे, ते शब्दांत बघायचं, डोक्यात नाही. डिसेंबरात मी चाचणीत पहिल्यांदा चौथा पर्याय लिहिला आणि तो बरोबर आला. जानेवारीत त्या प्रकरणात माझे गुण क्लासमधल्या बऱ्याच जणांपेक्षा वर गेले. सरांनी फळ्याजवळ उभं करून मला एक गणित समजावून सांगायला लावलं. मी सांगितलं, आणि कोणी हसलं नाही.

आणि मग ते अंगातच भिनलं.

फेब्रुवारीत काकांनी तलासरीला बोलावलं. आमच्याच पाड्याच्या टाकीवर पत्रक काढायचं ठरलं होतं. मी कार्यालयात बसून लिहिलं आणि काकांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला.

"'टाकीत पाणी पोहोचत नसल्याचे दिसते'? दिसते?"

"काका, पाणी पोहोचत नाही हे खरंय. पण का पोहोचत नाही ते आपल्याला कुठे माहितीये? पाइप बारीक आहे, की वर कोणी फोडलाय, की पंपच पुरेसा चालत नाही. मागच्या वेळी आपण थेट लिहिलं की ठेकेदाराने बारीक पाइप टाकला. कशावरून?"

"टाकला नाही हे त्याने सिद्ध करावं."

"हे उलटं झालं."

"आंदोलन उलटंच असतं, पोरी. टाकी रिकामी आहे, बायका ओढ्यावर जातात. ह्याच्यापुढे तुला आणखी काय माहिती पाहिजे?"

"कारण पाहिजे."

काकांनी कागद माझ्याकडे सरकवला. "नोकरी लागली नाही तुला अजून, भाषा मात्र लागली. 'तपासणी व्हावी' म्हणे! तपासणी ते करतातच. चहा पिऊन जातात."

शेवटी पत्रक त्यांनीच लिहिलं. पहिल्या ओळीने कॉलर धरली. वहिनीने ते पाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि मग माझं खोडलेलंही माझ्या पिशवीत सापडलं म्हणून वाचलं. म्हणाली, "हे वाचून मला झोप आली गं. तुला बरं नाहीये का?"

मी एसटीच्या थांब्यावर बसून त्या दिवशी स्वतःशीच भांडत होते. काका चुकत होते. आणि टाकी रिकामी होती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि त्याचं काय करायचं, ते ना पत्रकात बसत होतं, ना चार पर्यायांत. क्लासमध्ये मी पाड्यावरची होते, पाड्यावर सरकारी झाले होते. राग कोणावर काढायचा, तेही ठरेना. मग गणितं केली. रागाच्या भरात गणितं बरी होतात, असा माझा अनुभव आहे.

एप्रिलात परीक्षा झाली. केंद्र पालघरला होतं. दुसऱ्या पेपरात, मधल्या पानावर, माझा प्रश्न माझी वाट बघत होता. एका यंत्राला शंभर खोकी भरण्यास किती वेळ लागेल? विधान एक: यंत्र पहिल्या तासात वीस खोकी भरते. विधान दोन: यंत्र सकाळी आठ वाजता सुरू होते.

दुसरं विधान नुसतं फसवायला ठेवलेलं, हे लगेच कळलं. पहिल्या विधानावर मी बोट ठेवलं आणि 'स्थिर' शब्द शोधला. प्रश्नात नव्हता. विधानात नव्हता. वरच्या सूचनेतही बघितलं, तिथेही नव्हता. वर्षापूर्वी मी पाच तास म्हणून ओरडले असते. आता शांतपणे चौथा गोल काळा केला. वर्षभराचा अभ्यास त्या एका गोलात उतरलाय असं वाटलं आणि पुढचे प्रश्न मी हलक्या हाताने सोडवले.

बाहेर आल्यावर नरपडचा गेटवर भेटला. आम्ही चहा घेतला.

"खोक्यांचं काय लिहिलंस?" मी विचारलं.

"पहिला. एक नंबर विधान पुरेसं. पाच तास."

"काय? वेग स्थिर आहे असं कुठे म्हटलंय?"

तो हसला. "अगं, यंत्र आहे ते. यंत्राचा वेग स्थिरच असतो."

"कुठे लिहिलंय?"

"यंत्र म्हटलं की आलंच ना ते."

मी कप खाली ठेवला. "मग शेत म्हटलं की ओळ का नाही आली?"

त्याने उरलेला चहा संपवला. "ते वेगळं," एवढंच म्हणाला. काय वेगळं, ते त्यालाही सांगता येईना आणि माझ्या संतापाला तर सीमाच राहिली नाही. महिनोन्महिने मला सांगितलं, बाहेरची माणसं आत घालू नकोस. आणि हा स्वतः न लिहिलेला वेग आत घालून मोकळा. त्याचं यंत्र चालतं, माझी म्हातारी चालत नाही.

काही आठवड्यांनी उत्तरं जाहीर झाली. खोक्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं: पहिला पर्याय.

आक्षेप घ्यायची मुदत होती. मी पानभर आक्षेप लिहिला आणि सरांना दाखवला. त्यांनी वाचला. "हा आक्षेप आहे की मोर्चा? 'हा प्रश्न म्हणजे ग्रामीण उमेदवारांच्या तोंडावर मारलेली चपराक आहे.' बाई, त्यात गणित कुठे आहे?" त्यांनी पेन घेऊन सगळं छाटलं. उरल्या दोन ओळी. प्रश्नात यंत्राचा वेग स्थिर असल्याचे म्हटलेले नाही. त्यामुळे योग्य उत्तर चौथा पर्याय. त्या दोन ओळी मी पाठवल्या. वाचून बघितल्या तेव्हा कबूल करायला लागलं की माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा त्या घट्ट होत्या.

अंतिम उत्तरं आली, त्याच आठवड्यात निकाल. खोक्यांच्या प्रश्नासमोर लिहिलं होतं: रद्द.

मी धावत क्लासवर गेले. "सर, रद्द म्हणजे काय?"

"म्हणजे तुझं म्हणणं बरोबर होतं. प्रश्नातच त्रुटी होती, म्हणून काढून टाकला."

"त्रुटी कसली? माहिती अपुरी होती, आणि माहिती अपुरी हा पर्याय तिथेच छापलेला होता! माझं बरोबर होतं तर गुण द्या की."

"रद्द म्हणजे कोणालाच नाहीत."

"म्हणजे ज्यांनी चूक लिहिलं ते आणि मी सारखेच?"

सरांनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. "हो," ते म्हणाले.

मी त्याच एका प्रश्नाच्या गुणांनी बाहेर राहिले. नरपडचा पास झाला. त्याला त्या प्रश्नाची गरजच नव्हती. त्याचा फोन आला, "सॉरी यार." मी म्हटलं, "तू कशाला सॉरी? पेपर तू काढलास का?" आणि फोन ठेवला. तो वाईट माणूस नाही. त्या दिवशी मला चांगल्या माणसांचाही तिटकारा आला होता.

घरी दादाला सगळं सांगितलं. यंत्र, खोकी, स्थिर शब्द, आक्षेप, रद्द. दादाने शेवटपर्यंत ऐकलं. तो मधे बोलत नाही. मग म्हणाला, "म्हणजे नापास."

"हो, पण..."

"पण नंतर. सोमवारी कारखान्यावर जायचं. गेटवर शिक्षण विचारतील, दहावी म्हणायचं. ग्रॅज्युएट घेत नाहीत ते."

"का?"

"ग्रॅज्युएट बाई आली की महिन्याभरात हजेरी आणि फंड विचारायला लागते."

वहिनी म्हणाली, "आणि संघटना-बिंघटना काही बोलू नकोस गं बाई."

सोमवारी मी गेले. रस्त्यावरूनच अमोनियाचा वास नाकात चढला. पातळ रबरात मिसळतात तो. गेटवर आठ-दहा बायका उभ्या होत्या, आणि खुर्चीवर एक माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने मान वर न करताच एकेकीला विचारलं, "कितवी? चल आत. कितवी? चल." माझ्या पुढची म्हणाली, सातवी. ती आत गेली. मग माझ्यावर आलं.

"कितवी?"

दहावी म्हणणं खोटंही नव्हतं. दहावी मी झालेच आहे. पण तो बघतही नव्हता. आमच्या घरातली पहिली पदवी, तिच्यासाठी कितीदा जीपच्या मागे लटकत डहाणूला गेले, आणि हा माणूस समोर कोण उभं आहे हेसुद्धा बघणार नाही.

"बी.ए.," मी म्हटलं.

आता त्याने बघितलं. "बी.ए.? मग इथं काय करतेस?"

"काम मागायला आलेय."

"ग्रॅज्युएट नको आम्हाला. ग्रॅज्युएट लोक काम कमी करतात, कागद जास्त वाटतात." तो पुन्हा मोबाइलमध्ये गेला. "पुढची. कितवी?"

मी तिथून कैनाडपर्यंत चालत आले. जीप मिळत होती, पण बसावंसं वाटलं नाही.

दादा अंगणात कुंपणाच्या काट्या बांधत होता. "घेतलं?"

"नाही."

"काय सांगितलंस?"

"बी.ए."

त्याने हातातला सुंभ सोडला. "एक शब्द. एक शब्द सांगितला होता तुला मी. पत्रकात पानभर बोलतेस आणि तिथे एक शब्द बोलवेना?"

"तो माणूस बघत पण नव्हता, दादा."

"माझ्याकडे कोण बघतं? वर्षभर दोघांचं काम केलं मी, कोणी बघितलं का?" त्याचा आवाज चढला तशी आई दारात आली. दादाने आवाज खाली घेतला, आणि ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. "परीक्षेत तू चुकली नाहीस, ते मला कळलं. मी अडाणी नाही. पण वर्ष संपलं. आता घरात एक पगार पाहिजे. उद्या तलासरीकडच्या कारखान्यात जाऊ. मी येतो बरोबर. बोलायचं मी."

"आणि मी?"

"तू मान हलवायची."

माझ्या तोंडात केवढं तरी आलं होतं. रद्द झालेल्या प्रश्नापासून गेटवरच्या माणसापर्यंत सगळ्यांचा हिशेब, मुद्देसूद, मागण्यांसकट. पण दादाच्या तळहाताला वर्षभरात जे घट्टे पडले होते त्यांत माझ्या वाटणीचेही होते, आणि त्यावर मला एकही ओळ सुचेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तिथल्या माणसाने निदान मान वर केली. विचारलं, "कितवी झालीय?"

दादा म्हणाला, "दहावी."

मी मान हलवली.